इंग्लंड-वेल्समधल्या गुहा कायद्याने खुल्या व्हाव्यात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान इंग्लंड आणि वेल्समधल्या नैसर्गिक गुहांबद्दल आहे. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेले, सह्याद्रीत घडलेले बरेच मराठी ट्रेकर आता यॉर्कशायर आणि दक्षिण वेल्सच्या गुहांत उतरू लागले आहेत. डोंगरावर बिनधास्त फिरता येतं, मग त्याच डोंगराच्या पोटात शिरायला परवानगी का लागते, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आमचं मत पुढे येईलच, पण आधी कायदा.

नेमका वाद काय आहे?

२००० साली इंग्लंड आणि वेल्ससाठी ‘कंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे ॲक्ट’ झाला. केव्हर, म्हणजे गुहांत उतरणारी मंडळी, त्याला ‘क्रो’ म्हणतात. डोंगर, माळरान, हीथ, खडूच्या टेकड्या आणि नोंदणीकृत गायरान अशा जमिनी या कायद्याने लोकांना पायी फिरण्यासाठी खुल्या केल्या, मग त्यांचा मालक कोणीही असो. इंग्लंडमध्ये हा हक्क २००४ ते २००५ या काळात एकेका विभागात लागू झाला, वेल्समध्ये मे २००५ मध्ये. इंग्लंडची साधारण आठ टक्के जमीन अशी खुली आहे. यॉर्कशायर डेल्सच्या चुनखडी पठारावरच्या कितीतरी गुहांची तोंडं नेमकी याच जमिनीवर आहेत.

त्या तोंडातून आत जाण्याचा हक्कही याच कायद्याने मिळतो की नाही, यावर वाद आहे. तो मिळतोच आणि सरकारने तसं मान्य करावं, यासाठी केव्हर संघटनांनी मोहीम चालवावी की नाही, हा त्या वादातून निघालेला दुसरा प्रश्न.

कायद्याचे नेमके शब्द काय आहेत?

कलम २ म्हणतं की ‘ओपन-एअर रिक्रिएशन’साठी, म्हणजे खुल्या हवेतल्या करमणुकीसाठी, कोणालाही अशा जमिनीवर जाता येईल आणि थांबता येईल. अटी दोन. भिंत, कुंपण, हेज, पायरी किंवा फाटक यांची मोडतोड करायची नाही, आणि परिशिष्ट २ मधली बंधनं पाळायची. अट मोडणारा माणूस विनापरवाना घुसलेला ठरतो आणि त्या जमिनीवर पुढचे ७२ तास त्याला हा हक्क वापरता येत नाही.

परिशिष्ट २ सावकाश वाचा. वाहन नेऊ नये, मुक्काम ठोकू नये, आग पेटवू नये, गोड्या पाण्यात आंघोळ करू नये, मेटल डिटेक्टर बाळगू नये, हँग-ग्लायडिंग आणि पॅराग्लायडिंग करू नये, संघटित खेळ भरवू नयेत, धंद्यासाठी काही करू नये अशी ती यादी आहे. संसदेने आठवून आठवून एकेक गोष्ट बाहेर ठेवलेली दिसते. तीत केव्हिंग नाही आणि गिर्यारोहणही नाही. कड्यावर चढणं या हक्कात बसतं, याबद्दल कोणाची तक्रार नाही. अडतं ते गुहेपाशी.

पण ‘खुल्या हवेत’ म्हटल्यावर जमिनीखालची गुहा त्यात कशी बसेल?

सगळं घोडं अडलंय ते इथेच. कायद्याने ‘ओपन-एअर रिक्रिएशन’ची व्याख्या दिलेली नाही. सरकारी बाजू शब्दशः अर्थ धरते: डोक्यावर छत आलं की हवा खुली राहिली नाही. केव्हर म्हणतात, खुल्या हवेतली करमणूक म्हणजे निसर्गात बाहेर पडून करायची करमणूक. तिच्या उलट बाजूला इमारतीतले खेळ येतात, जिम आणि सिनेमागृह येतं. गुहा ही इमारत नव्हे. पाण्याने झिजवलेल्या डोंगराचाच तो भाग आहे.

२०१४ मध्ये डायना रोझ या नामवंत क्वीन्स काउन्सेलने, म्हणजे ज्येष्ठ वकिलाने, लेखी मत दिलं की केव्हिंगला हा कायदा लागू होतो. हे वकिलाचं मत आहे, निवाडा नव्हे. तरी ते वजनदार आहे, आणि त्यानंतर चर्चेचा सूर बदलला.

सह्याद्रीतलं उदाहरण घेतलं तर मुद्दा लगेच पटतो. साम्रदजवळच्या सांधण दरीत दोन्ही कडे इतके जवळ येतात की दुपारीसुद्धा काही ठिकाणी तळाला ऊन पोचत नाही. मध्ये मोठाले दगड अडकलेत आणि त्यांच्याखालून वाकून जावं लागतं. अशा एखाद्या दगडाखाली शिरताना तुम्ही ‘बाहेर’ असता की ‘आत’? पलीकडे निघाल्यावर पुन्हा ‘बाहेर’ आलात का? रेघ कुठेही ओढली तरी ती मनमानीच ठरणार.

मे २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डार्टमूर या माळरानाच्या खटल्यात याच शब्दांचा अर्थ लावला. तिथला कायदा वेगळा आहे, १९८५ चा डार्टमूर कॉमन्स ॲक्ट, पण त्यातही ‘ओपन-एअर रिक्रिएशन’ हेच शब्द आहेत. न्यायालयाने अर्थ व्यापक धरला आणि माळावर तंबू ठोकून रात्र काढणंही त्यात मोडतं असं ठरवलं. क्रो कायद्यात मुक्कामावर वेगळी बंदी असल्यामुळे तो निकाल उचलून इथे चिकटवता येत नाही. तरी तंबूच्या कापडाने ‘खुली हवा’ संपत नसेल, तर चुनखडीच्या छताने ती का संपावी, हे आता सरकारी बाजूने समजावून सांगायला हवं.

सरकारी खात्यांची भूमिका काय आहे?

गुहेचं तोंड, आकाशाकडे उघडी असलेली उभी विवरं आणि जिथवर दिवसाचा उजेड पोचतो तिथवरचा भाग हक्कात येतो, त्यापुढचा अंतर्भाग येत नाही, अशी भूमिका खात्यांनी घेतली आहे. कागदावर हे समंजस वाटतं. जागेवर जाऊन बघा.

डेल्समधल्या इंगलबरो डोंगराच्या उतारावर गेपिंग गिल नावाचं विवर आहे. फेल बेक हा ओढा त्यात सुमारे शंभर मीटर सरळ कोसळतो. १८९५ मध्ये एदुआर-आल्फ्रेड मार्तेल हा फ्रेंच माणूस दोराच्या शिडीने त्यात पहिल्यांदा उतरला. वरून उजेड थेट तळाच्या प्रचंड दालनात पडतो. म्हणजे सरकारी मोजपट्टीने शंभर मीटर दोरावरून उतरणं हे ‘खुल्या हवेत’ झालं.

आता पश्चिमेला कॅस्टरटन फेलवर चला. लँकेस्टर होल १९४६ मध्ये सापडली, कारण वारा नसताना एका जागी गवत हलत होतं. तिच्या तोंडावर आज लोखंडी झाकण आहे. झाकण उचलून तुम्ही आत शिरता, दोर नांगराला (खडकात ठोकलेल्या दोर अडकवायच्या कडीला) लावता, पस्तीसेक मीटर खाली उतरता. तुमच्यामागून येणाऱ्याने मेंढ्या पडू नयेत म्हणून झाकण ओढून घेतलं की त्याच क्षणी उजेड जातो. मग कायद्याने तुमचा दर्जा बदलला का? ढगाळ दिवशी हक्क कमी आणि लख्ख उन्हात जास्त, असं कुठल्या जमीन-कायद्यात असतं? या मोजपट्टीवर कोणताही शेतकरी, पोलीस किंवा केव्हर जागेवर उभं राहून निर्णय करू शकत नाही. आमचा आक्षेप मुख्यतः तोच आहे.

केव्हरांचं स्वतःचं मत काय पडलं?

ब्रिटिश केव्हिंग असोसिएशनने २०१४ च्या अखेरीस सदस्यांचं टपाली मतदान घेतलं. भूगर्भात जाण्यालाही हा कायदा लागू व्हावा यासाठी संघटनेने मोहीम चालवावी का, असा सरळ प्रश्न होता. सुमारे ६२ टक्के मतं बाजूने पडली, ३८ टक्के विरोधात.

त्या ३८ टक्क्यांना विरोधक म्हणून झटकून टाकू नये. त्यांतल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं एखाद्या गुहेची किल्ली सांभाळली आहे आणि मालकाच्या स्वयंपाकघरात बसून चहा घेत घेत करार टिकवले आहेत. त्यांची भीती खरी आहे आणि तिला उत्तर द्यावंच लागतं.

मग मोहीम करावी का?

करावी. मागणी मात्र नेमकी ठेवावी: जी जमीन आधीच खुली आहे, तिच्यावर तोंड असलेल्या नैसर्गिक गुहांना तोच हक्क, त्याच अटींसह. ‘सगळ्या गुहा सर्वांना खुल्या करा’ अशी मागणी करू नये. ती मिळणार नाही आणि मिळूही नये.

कारणं दोन. आज प्रवेश कोणाच्या तरी मर्जीवर आहे. पिढी बदलली, शेत विकलं गेलं, क्लबच्या चिटणिसाचं मालकाशी बिनसलं, की चाळीस वर्षांची वाट एका दिवसात बंद होते आणि दाद मागायला जागा नसते. दुसरं, परमिट पद्धतीत गुहा क्लबवाल्यांची होते. ज्याच्या ओळखी नाहीत, जो नुकताच देशात आलाय, ज्याला आठवडाभर आधी तारीख ठरवता येत नाही, तो बाहेरच राहतो. डोंगर चढायला क्लबचं सभासदत्व लागत नाही. त्याच डोंगराखाली जायला लागावं, याला आधार नाही.

१९३२ च्या एप्रिलमध्ये किंडर स्काउट या डोंगरपठारावर मजुरांनी सामुदायिक घुसखोरी केली आणि पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा त्यानंतर सतरा वर्षांनी, १९४९ मध्ये आला, आणि क्रो त्याच्याही अर्धशतकानंतर. वाटेचे हक्क तिथे असेच, हळूहळू आणि मागून मागून मिळाले आहेत.

जमीनमालक दुखावले तर आहे तेही हातचं जाईल ना?

विरोधकांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या मेंडिप टेकड्यांतल्या बऱ्याच गुहा कुंपणाच्या शेतांत आहेत. तिथे हा कायदा लागूच नाही, सगळं मालकाच्या भल्या मनावर चालतं. प्रिडी गावची स्विल्डन्स होल हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण: शेतावर थोडे पैसे ठेवायचे आणि जायचं. उत्तरेत हक्काची भाषा सुरू झाली म्हणून दक्षिणेतला शेतकरी बिथरला, तर नुकसान भलत्यांचंच होईल.

म्हणून मोहिमेच्या प्रत्येक कागदावर दोन वाक्यं असलीच पाहिजेत. हा हक्क फक्त आधीच खुल्या असलेल्या जमिनीपुरता आहे. आणि मालकाची जोखीम त्याने वाढत नाही, घटते.

दुसरं वाक्य बहुतेक शेतकऱ्यांना माहीत नसतं, म्हणून फोड करतो. मालकाने परवानगी देऊन आत सोडलेला माणूस १९५७ च्या ऑक्युपायर्स लायबिलिटी ॲक्टप्रमाणे ‘व्हिजिटर’ ठरतो आणि त्याच्याबद्दल मालकाला वाजवी काळजी घ्यावी लागते. क्रो हक्काने आलेला माणूस व्हिजिटर नसतो. त्याच्यासाठी १९८४ चा कायदा आहे, आणि त्यात क्रोने घातलेल्या दुरुस्तीमुळे नैसर्गिक भूरूपं, ओढे, नद्या यांच्यापासून होणाऱ्या धोक्याची जबाबदारी मालकावर राहत नाही. अपवाद फक्त त्याने मुद्दाम किंवा बेफिकिरीने धोका निर्माण केला असेल तर. गुहेइतकं नैसर्गिक भूरूप दुसरं कुठलं? सही करून परमिट देणारा मालक आज जास्त उघडा पडतो. शेतकऱ्याशी बोलताना सुरुवात इथून करा. हक्काच्या गोष्टी नंतर.

एक सावधगिरी: खडकात बसवलेले नांगर, लोखंडी शिड्या, झाकणं ही नैसर्गिक नाहीत. त्यांच्यापुरती सूट गृहीत धरू नका.

मुक्त प्रवेशाने गुहांची नासधूस होणार नाही का?

काही गुहांची होऊ शकते. छतातून लोंबणारे पोकळ ‘स्ट्रॉ’ लवणस्तंभ पाण्याच्या थेंबाएवढे, म्हणजे साधारण पाच मिलिमीटर जाड असतात. हेल्मेटचा हलका धक्का लागला की तुटतात आणि आपल्या हयातीत परत येत नाहीत. चिखलाच्या तळावरच्या भेगांची जाळी एका बुटाने कायमची जाते. बऱ्याचदा मोडतोड द्वेषाने होत नाही. दमलेला माणूस परतताना नाजूक भाग आखणारी टेप ओलांडतो, पाठीवरची पिशवी मागे आपटते, फोटोसाठी कोणीतरी एक पाऊल बाजूला टाकतं.

पण हक्क आला म्हणजे संरक्षण गेलं, हे खरं नाही. क्रोच्या कलम २६ खाली निसर्ग किंवा वारसा जपण्यासाठी प्रवेश मर्यादित किंवा बंद करता येतो. विशेष वैज्ञानिक महत्त्वाच्या जागांना १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टचं संरक्षण आहे आणि तिथे जाणूनबुजून नुकसान करणारा परका माणूसही गुन्हेगार ठरतो. वटवाघळांना त्रास देणं हा वेगळा गुन्हा. हिवाळ्यात ती निद्रेत असतात. त्यांना उगीच जाग आली तर साठवलेली चरबी खर्ची पडते आणि वसंत येईपर्यंत ती तग धरू शकत नाहीत. तेव्हा त्यांच्या गुहा त्या महिन्यांत बंद असणं योग्यच, हक्क असो वा नसो.

आमच्या मते मोहीमवाल्यांनी कलम २६ साठीच्या गुहांची यादी स्वतःच तयार करून खात्याला द्यावी. कुठली गुहा खरोखर नाजूक आहे हे केव्हरांइतकं कोणालाच ठाऊक नाही. यादी लहान राहील, आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहिता येईल.

झाकण किंवा कुलूप असेल तर?

झाकण आणि कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधं झाकण उचलून आत जाणं ही मोडतोड नव्हे. मात्र अपघात टाळण्यासाठी किंवा जनावरं अडवण्यासाठी लावलेल्या साधनाशी विनाकारण छेडछाड करायची नाही आणि फाटक उघडलं की लावायचं, असं परिशिष्ट २ सांगतं. तेव्हा आत जाताना झाकण बसवा, आणि बाहेर आल्यावर पुन्हा बसलं का ते पायाने दाबून पाहा. खडा अडकून झाकण अर्धवट राहिलं की कोकरू पडतं. एक मेलेलं कोकरू दहा वर्षांचे संबंध घालवतं.

कुलूप तोडलंत की हक्क तिथेच संपला, वर फौजदारी नुकसानीचा प्रश्न. मोहिमेला याच्याइतकी इजा दुसऱ्या कशाने होत नाही.

हक्क मिळाला तरी काय मिळणार नाही?

खणण्याचा हक्क नाही. नव्या गुहेसाठी माती-दगड काढायचे तर मालकाची परवानगी लागते, आणि संरक्षित जागा असेल तर इंग्लंडमध्ये नॅचरल इंग्लंडची किंवा वेल्समध्ये नॅचरल रिसोर्सेस वेल्सची संमतीही.

नांगर ठोकण्याचा हक्क नाही.

पैसे घेऊन लोकांना नेणाऱ्यांना हा कायदा नाही. परिशिष्ट २ मध्ये व्यावसायिक हेतूवर बंदी असल्याने साहसकेंद्रांना आणि मार्गदर्शकांना परवानगी घ्यावीच लागेल.

पाण्याने भरलेल्या भागात बुडी मारणाऱ्यांनी ‘गोड्या पाण्यात आंघोळ नको’ या बंधनाकडे लक्ष द्यावं. सम्प डायव्हिंग म्हणजे आंघोळ का, हा वाद घालता येईल, पण आधीच निश्चिंत राहू नका.

खाणींना हे लागू धरू नका. सोडून दिलेल्या खाणींची तोंडं सुरक्षित ठेवण्याची सक्ती मालकावर १९५४ च्या माइन्स अँड क्वॉरीज ॲक्टने आहे. तो सगळा प्रकारच निराळा.

मालकाला वर्षाचे २८ दिवस जमीन बंद ठेवता येते, त्यालाही मर्यादा आहेत. बँक हॉलिडेला ते दिवस लावता येत नाहीत आणि शनिवार-रविवार मिळून वर्षात चारपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

तोंड खुल्या जमिनीवर, पण आतली वाट दुसऱ्याच्या शेताखालून जात असेल तर?

खरोखर अवघड प्रश्न. इंग्लंडच्या कायद्यात साधारणपणे जमिनीचा मालक तिच्या खालच्या पोकळीचाही मालक असतो. थ्री काउंटीज सिस्टिम ही एकमेकींना जोडलेल्या गुहांची साखळी ८० किलोमीटरहून लांब आहे आणि ती कम्ब्रिया, लँकेशायर आणि नॉर्थ यॉर्कशायर या तीन परगण्यांखालून जाते. आत चालताना वर कोणाची हद्द आहे ते कळत नाही. वर कुंपणाची शेती आलेल्या भागात क्रो हक्क संपतो, असं तत्त्वाने म्हणावं लागेल. व्यवहारात दोनशे फूट खालून गेलेल्या माणसाने वरच्या मालकाचं काय नुकसान केलं हे दाखवणं कठीण. मोहिमेने सुचवायच्या दुरुस्तीत याची तरतूद आधीच मागावी, नाहीतर पहिलाच खटला यावर होईल.

स्कॉटलंडमध्ये काय आहे?

तिथे हा वादच नाही. लँड रिफॉर्म (स्कॉटलंड) ॲक्ट २००३ मध्ये सरळ लिहिलंय की प्रवेशाचे हक्क जमिनीच्या पृष्ठभागावर तसेच त्याच्या वर आणि खाली वापरता येतात. अट एकच, जबाबदारीने वागण्याची. २००५ पासून हे चालू आहे. स्कॉटलंडमध्ये गुहा तुलनेने कमी, म्हणून दोन्हीकडची परिस्थिती तंतोतंत सारखी नाही, पण कायद्याचं वाक्य लिहिता येतं एवढं तरी त्यातून सिद्ध होतं. इंग्लंड-वेल्सच्या मोहिमेने नवी भाषा शोधण्यापेक्षा तेच वाक्य मागावं.

अपघात झाला तर दोष मोहिमेवर येईल का?

प्रवेशाचा हक्क म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. जून १९६७ मध्ये मॉसडेल कॅव्हर्न्समध्ये अचानक पूर येऊन सहा तरुण केव्हर बुडाले. डेल्समधल्या गुहा पावसाला किती झटपट भरतात याचं ते कायमचं उदाहरण आहे. दुसरीकडे नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण वेल्समधल्या ओगोफ फिनन डी या गुहेतून एका जखमी केव्हरला बाहेर काढायला ५४ तास लागले, आणि ती गुहा परमिटने चालणारी आहे. परमिटने ना पूर थांबतो, ना निसटणारा दगड. थांबवतात त्या सवयी: हवामान पाहणं, परतीची वेळ बाहेर कोणाला तरी सांगून ठेवणं, एकेकाकडे दोन दोन दिवे असणं.

अडचण आली तर ९९९ फिरवून आधी पोलीस मागायचे आणि त्यांना केव्ह रेस्क्यू हवंय असं सांगायचं. थेट ॲम्ब्युलन्स मागितली की ती रस्त्यावर येऊन थांबते आणि वेळ जातो. बचाव पथकं स्वयंसेवकांची आहेत, पैसे घेत नाहीत.

मोहिमेसाठी प्रत्यक्ष काय करावं?

पहिलं काम नकाशाचं. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेच्या १:२५,००० एक्सप्लोरर नकाशावर खुली जमीन फिकट पिवळ्या रंगाने दाखवलेली असते. तुमच्या भागातल्या गुहांच्या तोंडांचे दहा आकडी ग्रिड संदर्भ घ्या आणि एकेक तोंड रंगाच्या आत आहे की बाहेर ते पाहून तक्ता करा. हद्दीच्या जवळचं तोंड जागेवर जाऊन तपासा. भिंतीच्या या बाजूचं की त्या बाजूचं, यात लोक हमखास चुकतात. घरापासून २० मीटरच्या आतली जमीन आणि चालू दगडखाण खुल्या जमिनीत येत नाही, हेही पाहा. असा तक्ता हातात असला की ‘किती गुहांचा प्रश्न आहे?’ या खासदाराच्या पहिल्या प्रश्नाला आकडा देता येतो.

मग पत्र. इंग्लंडमध्ये स्वतःच्या मतदारसंघाच्या खासदाराला, वेल्समध्ये सेनेडच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्याला, कारण वेल्समध्ये हा विषय तिथल्या सरकारकडे आहे. एक पान पुरे. घरचा पत्ता आणि पोस्टकोड लिहा, नाहीतर तुम्ही मतदार आहात हे कळत नाही आणि पत्र बाजूला पडतं. मागण्या दोनच: खुल्या जमिनीवरचा हक्क तिच्या पृष्ठभागाखालीही वापरता येतो अशी एका वाक्याची दुरुस्ती, आणि ती होईपर्यंत खात्यांनी उजेडाची मोजपट्टी मागे घ्यावी. छापील नमुना पत्रं शंभर पाठवण्यापेक्षा स्वतःच्या शब्दांतली दहा परिणाम करतात.

तिसरा मार्ग कमी ठाऊक आहे. कलम १६ खाली मालकाला, किंवा ज्याच्या भाडेपट्ट्याची किमान ९० वर्षं शिल्लक आहेत त्याला, आपली जमीन कायमची खुली म्हणून अर्पण करता येते. ती नंतर परत घेता येत नाही आणि पुढच्या मालकावरही बांधील राहते. एखादी संस्था किंवा सहृदय मालक तयार असेल तर संसदेची वाट न पाहता एक गुहा कायमची सुरक्षित होते. दस्त करताना जमिनीखालच्या प्रवेशाचा उल्लेख स्पष्ट लिहून घ्या आणि वकील दाखवून घ्या.

सगळ्यात जास्त काय बिघडवतं, तर एप्रिलमध्ये मेंढ्या वीत असताना वीस जणांची टोळी नेणं, शेताच्या फाटकासमोर गाडी लावणं, आणि बंद गुहेत शिरल्याचे फोटो टाकणं.

भारतात असा काही हक्क आहे का?

नाही, आणि तुलना जपून करावी. मेघालयात १९९२ पासून ब्रिटिश आणि भारतीय केव्हर मिळून मोहिमा काढत आले आहेत. तिथली जमीन बहुतांशी कुळांची आणि गावांची असते, म्हणून आधी गावप्रमुखाला, खासी भागात रंगबा श्नोंगला, भेटायचं आणि होकार मिळाल्यावरच गुहेकडे जायचं. तिथे क्रोची भाषा घेऊन जाणं चुकीचं ठरेल. इंग्लंडच्या माळरानावर मोठ्या इस्टेटींची मालकी आणि फिरणारे लोक यांचा झगडा होता. मेघालयात जमीन ज्यांची आहे ते तिथेच राहतात आणि तिच्यावरच जगतात.

महाराष्ट्रात आपण ज्यांना ‘केव्ह्ज’ म्हणतो त्या बहुतेक लेणी आहेत, माणसाने कोरलेल्या. संरक्षित लेण्यांना १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागतो, आणि अभयारण्यातल्या नैसर्गिक कपारीला वन विभागाचे नियम. हा विषय स्वतंत्रच.

मोहीम चालू राहो, पण येत्या शनिवारीच जायचं असेल तर?

त्या भागातल्या प्रादेशिक परिषदेची माहिती पाहा: डेल्ससाठी काउन्सिल ऑफ नॉर्दर्न केव्हिंग क्लब्ज, मेंडिपसाठी काउन्सिल ऑफ सदर्न केव्हिंग क्लब्ज, पीक डिस्ट्रिक्टसाठी डर्बिशायर केव्हिंग असोसिएशन, वेल्ससाठी केंब्रियन केव्हिंग काउन्सिल. परमिट लागत असेल तर घ्या. हक्क मागणारी माणसं चालू करार पाळतात, हे दिसणंही गरजेचं आहे. ब्रिटिश केव्हिंग असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की सार्वजनिक दायित्वाचा विमा मिळतो, आणि बऱ्याच मालकांची तीच पहिली विचारणा असते.

वाटेत शेतकऱ्याने अडवलं तर थांबा, हेल्मेट काढा, नाव सांगा, कुठल्या गुहेत किती जण जाणार आणि किती वाजता बाहेर येणार ते सांगा. इंग्लंड-वेल्समध्ये नुसता विनापरवाना प्रवेश हा सहसा गुन्हा नसून दिवाणी बाब आहे, पण ते तिथे ऐकवू नका. तो जा म्हणाला तर जा. नाराज झाला असेल तर त्याच संध्याकाळी परिषदेच्या प्रवेश अधिकाऱ्याला तारीख, जागा आणि झालेलं संभाषण जसंच्या तसं लिहून कळवा, म्हणजे पुढचा गट येण्याआधी कोणीतरी त्याच्या दारी जाऊन बोलेल.